गुन्हा कृत्याचा की कुळाचा?

सुगी आटोपली की आपल्याकडील गावांच्या शिवारात पाले पडू लागतात. कोणी टोपल्या विणणारे असतात, कोणी दगड फोडणारे, कोणी जडीबुटी विकणारे, तर कोणी खांद्याला झोळी अडकवून दारोदार फिरणारे. त्यांचा मुक्काम पडला की गावात काही गोष्टी आपोआप घडतात. अंगणातील कोंबड्या दिवे लागण्यापूर्वीच डालल्या जातात, खेळणाऱ्या पोरांना हाक मारून घरात घेतले जाते, निजण्यापूर्वी कड्याकुलपे दोनदा तपासली जातात. कोणाची चोरी झालेली नसते, कोणी कोणास वाईट बोललेलेही नसते. तरीही साऱ्या गावाने मनोमन एक निकाल देऊन टाकलेला असतो. हा निकाल कोठून आला व तो न्याय्य आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

समाज म्हटला की मर्यादा आल्याच. पाण्याच्या पाळीपासून लग्नातील मानपानापर्यंत कोणते वागणे सरळ व कोणते वाकडे, हे ठरविल्यावाचून चार घरांची वस्तीदेखील सुखाने नांदू शकत नाही. एमिल दुर्खेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याविषयी एक मार्मिक कल्पना मांडली आहे. केवळ संतपुरुषांचाच एक मठ आहे असे क्षणभर समजा. तेथे चोरी नाही, मारामारी नाही, खून तर नाहीच नाही. मग तेथे अपराध म्हणून काही उरणारच नाही काय? दुर्खेम यांचे उत्तर असे की, उरेल. बाहेरच्या जगात ज्या चुकांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्याच चुका तेथे मोठे अपराध ठरतील. आम्ही स्वतः सेमिनरीत काही वर्षे काढली आहेत. मौनाच्या वेळी जिन्यावर वाजलेल्या वहाणांची तेथे किती कसून चौकशी होत असे हे आठवले, म्हणजे दुर्खेम यांचे म्हणणे आम्हांस सहज पटते.

रेघ कोण ओढतो?

चोरी, खोटी साक्ष, हत्या ही पापे सर्व काळी व सर्व देशी निषिद्धच आहेत. ती आज्ञा बदलत नाही. परंतु त्या आज्ञेच्या सावलीत माणसे आपल्या आवडीनिवडीच्या, भीतीच्या व सोयीच्याही रेघा ओढून ठेवतात, आणि काही पिढ्यांनी त्या रेघा जणू देवानेच ओढल्या होत्या असे वाटू लागते.

आपल्याच घरातील उदाहरण घेऊ. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायासन स्थापन झाले, आणि मधली काही वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालू होते. त्याने १७३६ साली एक जाहीरनामा काढला. ख्रिस्ती कुटुंबांनी दारी तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये, अशी मनाईची मोठी यादी त्यात होती. त्या यादीत भातदेखील होता. भात अळणी शिजवून मीठ मागाहून घेण्याची रीत हिंदूंची, म्हणून ख्रिस्ती घरात ती चालणार नाही, असे त्यात बजावले होते. हंडीत मीठ केव्हा पडले यावरून माणसाची श्रद्धा मोजली जात होती! आज कोणी धर्मगुरू आपल्या भाताची हंडी उघडून पाहावयास येत नाही. भात तोच आहे, मीठही तेच आहे. बदलली ती रेघ ओढणाऱ्यांची दृष्टी.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहा. १८४८ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवावयास निघाल्या की वाटेत त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकला जात असे. शिकणारी मुलगी व शिकविणारी स्त्री, दोघीही त्या काळच्या समाजाच्या लेखी वाट चुकलेल्या. आज मुलीला शाळेत न धाडणाऱ्या बापाला गाव नाव ठेवते. एकाच शतकभरात वाकडे ते सरळ ठरले आणि सरळ ते वाकडे.

रेघ ओढल्यावर ती सांभाळण्याची साधनेही समाजाजवळ असतात, आणि ती सौम्यापासून कठोरापर्यंत चढत जातात. प्रथम आईने वटारलेले डोळे, मग शेजारणीने मुरडलेले नाक, मग आळीतील कुजबुज. बहुतेक माणसे एवढ्यानेच वळणावर येतात. त्याच्यावर गावकी व जातपंचायत, दंड व वाळीत टाकणे. सर्वांच्या वर पोलीस, न्यायालय व तुरुंग. यांपैकी वाळीत टाकण्याची शिक्षा इतकी निर्दय, की ज्याच्या घरी कोणी अंत्यविधीलाही जात नाही त्या माणसाचे जिणे मरणाहून वाईट होते. म्हणूनच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो २०१७ साली अमलात आला असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

साधन सौम्य असो वा कठोर, ते न्याय्य ठरण्यास एक अट पाळावी लागते. शिक्षा माणसाने केलेल्या कृत्याला हवी, आणि ती भोगून झाली की त्या माणसाला परत येण्यास दार उघडे हवे. पापनिवेदन ऐकण्यास बसलो असता आमच्यापुढे माणसे स्वतःची कृत्ये सांगतात. तेथे कोणी आपल्या आजोबांची पापे सांगत नाही. आणि सांगितलीच, तर त्यांचे प्रायश्चित्त नातवाला देण्याचा अधिकार आम्हांस नाही.

आपल्या देशात मात्र एक काळ असा आला, की सरकारनेच कायदा करून ही अट मोडली.

१८७१ सालचा कायदा

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा संमत केला. त्यामागची विचारसरणी साधी होती व म्हणूनच घातक होती. हिंदुस्थानात धंदे बापाकडून मुलाकडे जातात. सुताराचा मुलगा सुतार व विणकराचा मुलगा विणकर होतो. त्याअर्थी चोराचा मुलगाही चोरच व्हावयाचा, असा हा हिशेब होता. एखादी टोळी वा जमात गुन्ह्यांना सरावलेली आहे असे प्रांतिक सरकारला वाटले, की तिचे नाव राजपत्रात जाहीर करता येई. एकदा ते जाहीर झाले म्हणजे त्याच्या योग्यायोग्यतेविषयी कोणत्याही न्यायालयास शंका काढता येत नसे. ज्या न्यायासनापुढे खुन्यालाही आपली बाजू मांडता येई, तेथे या जमातींना उभे राहण्यासही जागा नव्हती.

हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या दुरुस्तीने मुंबई व मद्रास इलाख्यांसह साऱ्या देशात तो लागू करण्याची सोय झाली, आणि १९२४ साली तो पुन्हा एकत्र करून बांधण्यात आला. त्याचे काम कसे चाले ते पाहा. नोंदलेल्या जमातीतील माणसांची नावे वहीत लिहीत. बोटांचे ठसे घेत. ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे. मुक्काम हलवावयाचा तर अगोदर कळवावे लागे. सांगितलेल्या हद्दीबाहेर जाणे हाच गुन्हा. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास, विशेष कारण नसेल तर, निदान सात वर्षांची कैद आणि तिसऱ्यांदा जन्मठेप काळे पाणी. मग चोरलेली वस्तू कितीही क्षुल्लक असो. सहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आईबापांपासून तोडून निराळ्या शाळांत ठेवण्याचाही अधिकार सरकारला होता. पाळण्यातील मूल अजून बोलावयासही लागलेले नाही, तोच त्याच्या कपाळी गुन्हेगार हे नाव पडलेले असे.

ही माणसे होती तरी कोण? बंजारा म्हणजे लमाण हे बैलांच्या तांड्यांवर धान्य व मीठ लादून देशभर फिरणारे व्यापारी. फौजांना रसद पोहोचविण्याचे कामही ते करीत. १८५३ पासून आगगाडी धावू लागली आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार हळूहळू मोडला. टकारी घरोघरच्या जात्यांना टाकी लावून देत. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. कैकाडी टोपल्या व कणग्या विणीत, वडार दगड घडवीत व मातीकाम करीत, पारधी रानातील शिकारीवर जगत. रामोशी व बेरड हे तर गावाचे आणि गडाचे राखणदार. रात्री ज्यांच्या जागरणावर गाव निर्धास्त झोपे, त्यांचीच नावे पुढे चोरांच्या यादीत चढली!

यांच्यापैकी कोणीच चोरी केली नाही, असे आमचे म्हणणे नाही. धंदा बुडालेला, जमीन नाही, रान बंद, अशा स्थितीत काहींनी वाटमारी केली, काहींनी खिसे कापले. परंतु उपाशी शेतकऱ्याने धान्य चोरले तर तो त्या एकट्याचा गुन्हा ठरे. आणि फिरस्त्याने चोरले तर तो त्याच्या जन्मलेल्या व जन्मास यावयाच्या साऱ्या भाऊबंदांचा गुन्हा ठरे. अन्याय होता तो या ठिकाणी.

तारेच्या आत

मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग इत्यादी ठिकाणी या लोकांसाठी वसाहती उभारण्यात आल्या. सोलापुरातील त्या भागाला आजही सेटलमेंट याच नावाने लोक ओळखतात. भोवती काटेरी तारांचे कुंपण, आत झोपड्यांच्या रांगा, हजेरी, आणि बाहेर जाण्यास परवान्याची चिठ्ठी. वसाहतीतील माणसे गिरण्यांत कामाला जात. गिरणीला मजूर मिळत, सरकारला बंदोबस्त मिळे. कोणाची सोय किती झाली, याचा विचार वाचकांनीच करावा.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देशातील अशा कित्येक वसाहती ख्रिस्ती संस्थांकडे चालविण्यास दिल्या होत्या. संयुक्त प्रांतात १९०८ पासून मुक्तिफौजेने हे काम हाती घेतले. तेथे शाळा निघाल्या, विणकाम शिकविले गेले, आजाऱ्यांना औषध मिळाले. काम करणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात दया होती, याविषयी आम्हांस संशय नाही. तथापि त्या दयेच्या दाराला कडी बाहेरून होती. जो शिकावयास बसला आहे त्याला उठून जाण्याची मुभा नसेल, तर त्या शाळेत व तुरुंगात अंतर किती राहिले? दया व न्याय या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली दिल्याने दुसरीचे देणे फिटत नाही, हा धडा आपल्या सर्व धर्मादाय संस्थांनी नित्य ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

नाव पडल्याने माणसाचे काय होते, याविषयी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ साली एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा: वाकडे वर्तन हा केवळ कृत्याचा गुण नव्हे, समाज एखाद्याला तसे नाव देतो व त्या नावाप्रमाणे त्याच्याशी वागतो, त्यातूनही ते घडते. हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्या गावाकडे पाहा. गावात कोठेही चोरी झाली की पोलीस प्रथम पालांवर जाणार. घरातील कर्ता पुरुष चार दिवस कोठडीत, म्हणजे चूल बंद. सुटून आल्यावर त्याला मजुरीला कोण ठेवणार? पोराला शाळेत बाकावर शेजारी कोण बसवून घेणार? मजुरी नाही, शाळा नाही, पत नाही, अशा माणसापुढे शेवटी जी वाट उरते, तीच वाट त्याने धरली की आपण म्हणतो, "बघा, आम्ही सांगत नव्हतो?" ज्या विहिरीत आपणच त्याला ढकलले, तिच्यात तो पडला म्हणून आपण त्याला दोष देतो.

कायदा गेला, नाव राहिले

स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास सुमारे १२७ जमातींतील एक कोटीहून अधिक माणसे या कायद्याच्या छायेत होती. मुंबई सरकारने १९४९ साली आपल्या प्रांतापुरता तो रद्द केला. केंद्र सरकारने नेमलेल्या अनंतशयनम अय्यंगार समितीने चौकशी करून तो सर्वत्र रद्द करावा असे सांगितले, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपुष्टात आला. या जमातींना तेव्हापासून विमुक्त म्हणतात, व तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत १४ जमाती आहेत.

जुन्या कायद्याच्या जागी निरनिराळ्या राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयी कायदे आले. तत्त्व म्हणून हा बदल योग्यच होता. कारण त्यात जमात नव्हे, तर एकेका व्यक्तीवर सिद्ध झालेले गुन्हे मोजावयाचे होते. व्यवहारात मात्र संशयाच्या वह्यांत जुनीच नावे फिरत राहिली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० साली हे कायदेही रद्द करावेत अशी शिफारस केली. दुसरीकडे १९५९ च्या मुंबई भीकप्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत रस्त्यावर गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखविणे हेही आले. डोंबाऱ्याचा दोरीवरचा खेळ, जो आपल्या आजोबांनी कौतुकाने पाहिला व ज्याच्यासाठी पसाभर धान्य दिले, तो कागदावर अपराधाच्या रांगेत जाऊन बसला.

पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात १९९८ साली खेडिया शबर या विमुक्त जमातीतील बुधन शबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. लेखिका महाश्वेता देवी यांच्या संस्थेने हे प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात नेले, आणि न्यायालयाने त्याच वर्षी त्याच्या विधवेस भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, वडोदऱ्याचे प्राध्यापक गणेश देवी व आपले मराठी लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्तांच्या हक्कांसाठी देशव्यापी काम आरंभिले. अहमदाबादेतील छारानगर ही छारा जमातीची जुनी वसाहत. तेथील तरुणांनी बुधनच्या मृत्यूवर नाटक बसविले व त्याच्याच नावाने आपली नाट्यमंडळी उभी केली. ज्यांच्या पित्यांना तारेत कोंडले होते, ती मुले आता लोकांपुढे उभी राहून प्रश्न विचारू लागली.

त्यानंतर वीस वर्षांनी आपल्याच महाराष्ट्रात जे घडले, ते आठवले की अंगावर काटा येतो. १ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. मुले पळविणारी टोळी आली आहे अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून घरोघर पोहोचली होती. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच माणसे भिक्षा मागावयास तेथे आली. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याचे. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त पुरले. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. त्यांनी कोणाचेही मूल पळविलेले नव्हते. मारणारे कोणी पेंढारी नव्हते. बाजाराला आलेली, घरी मुलेबाळे असलेली साधी माणसे होती. त्यांनी त्या पाचांची चौकशी केली नाही, कारण फाटके कपडे, अनोळखी बोली व खांद्यावरची झोळी पाहूनच त्यांच्या मनातील निकाल झालेला होता. १८७१ च्या कायद्याने जे कागदावर केले, तेच जमावाने हातांनी केले.

सरकारी कागदावरील नावे अद्यापही पुसावयाची आहेत, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दाखवून दिले. एका पत्रकार महिलेच्या याचिकेवर निकाल देताना त्याने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातिभेदाचे नियम घटनाबाह्य ठरविले. झाडलोट कोणत्या जातीच्या कैद्याने करावी व स्वयंपाक कोणत्या जातीच्या कैद्याने करावा, हेही त्या पुस्तिकांत होते; आणि काही पुस्तिकांत विमुक्त जमातींचे लोक मुळातच गुन्ह्यांना सरावलेले आहेत असे गृहीत धरलेले होते. कायदा जाऊन ७२ वर्षे झाली होती!

आपली भाषादेखील या दोषातून मुक्त नाही. भामटा हे एका जमातीचे नाव सरकारी यादीत आहे. आपण मात्र तो शब्द फसविणाऱ्याला शिवी म्हणून वापरतो. त्या घरातील मुलाने शाळेत आपली जात कोणत्या तोंडाने सांगावी? लक्ष्मण माने यांनी कैकाडी समाजातील आपले जिणे 'उपरा' या आत्मकथनात लिहिले. ते १९८० साली प्रसिद्ध झाले व त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'लाही १९८८ साली तोच मान मिळाला. बेळगावजवळील यमनापूरचे भीमराव गस्ती यांनी 'बेरड' लिहिले, आणि केवळ लिहून न थांबता आपल्या समाजासाठी व देवदासी स्त्रियांसाठी सीमाभागात आयुष्यभर काम केले. जगाने शिवी म्हणून दिलेली नावे या लेखकांनी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर छापली व मानाने मिरविली. सीमाभागातील आपल्या वाचकांनी ही पुस्तके घरी आणून मोठ्याने वाचावीत, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

आपण काय करावे?

घरभेटीस गेलो असता एक प्रश्न आम्हांस पुनःपुन्हा ऐकू येतो. "फादर, हे सारे खरे, पण उद्या आमच्या घरी चोरी झाली तर?" प्रश्न रास्त आहे. चोरी झाली तर चोरीची फिर्याद अवश्य द्यावी. काय गेले, केव्हा गेले, कोणी पाहिले, ते सांगावे. परंतु 'पालवाल्यांनीच नेले असणार' हे वाक्य फिर्यादीत घालू नये, कारण ते पाहिलेले नव्हे, मानलेले असते. न पाहिलेले पाहिल्यासारखे सांगणे म्हणजे खोटी साक्ष होय, मग ती पोलीसपाटलापुढे दिलेली असो की ओट्यावर बसून शेजाऱ्याजवळ.

दुसरे असे की, मोबाइलवर आलेली मुले पळविणाऱ्यांची, विष घालणाऱ्यांची बातमी पुढे धाडू नये. शंका आल्यास पोलिसांस कळवावे. चार माणसे कोणा अनोळखी इसमाभोवती गोळा झालेली दिसली, तर आपण पाचवे म्हणून सामील न होता त्याचे नाव-गाव शांतपणे विचारणारे पहिले व्हावे. राईनपाड्यास कोणी खोलीचे दार अडवून ठामपणे उभे राहिले असते तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकणार नाही. पण पुढच्या वेळी तसे कोणी उभे राहावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

तिसरी गोष्ट शाळेची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत जागा आहे. वयाचा दाखला नाही म्हणून त्याला परत पाठविता येत नाही. वर्ष मध्यावर आले म्हणूनही नाही. आणि वय वाढले असल्यास त्याच्या वयाच्या मुलांबरोबरच बसवावयाचे असते. फिरत्या आईबापांना हे ठाऊक नसते. आपल्यापैकी शिकलेल्यांनी पालांवर जाऊन हे सांगावे, व मुलाचा हात धरून मुख्याध्यापकांकडे घेऊन जावे. आणि त्या मुलाला आपल्या मुलाशेजारी बसविले तर आपण तक्रार करू नये, कारण येथेच आपली खरी परीक्षा आहे.

शेवटी शब्दांविषयी. मुले ओरडतात, चिडवितात, भीती घालतात, ती शिवारातून शिकून येत नाहीत. आपल्या जेवणाच्या पानावर शिकतात. "रडू नकोस, नाहीतर पालवाला धरून नेईल," असे आपण सहज बोलून जातो. त्या एका वाक्याने लेकरू गप्प होते खरे. पण त्याच्या मनातील वहीत एका साऱ्या जमातीचे नाव लिहिले जाते, आणि ते पुढे साठ वर्षे तेथे राहते.

मर्यादा असाव्यात, नियम असावेत, अपराध्याला शिक्षाही असावी. त्यांच्यावाचून गाव गाव राहणार नाही. परंतु जो अपराध करतो त्याचा तो अपराध. तो त्याच्या आईच्या, भावाच्या, पाळण्यातील मुलाच्या माथी मारण्याचा हक्क ना सरकारला, ना गावकीला, ना जमावाला. राजपत्रातील यादी सरकारने १९५२ साली मिटली. घरोघरच्या मनातील यादी मिटविण्याचे काम कोणत्याही सरकारकडून व्हावयाचे नाही. ते ज्याचे त्याने, आपल्याच घरात, आपल्याच मुलांसमोर करावयाचे आहे. आणि त्याचा आरंभ आज रात्री जेवणाच्या पानावर होऊ शकतो.